पळसदेवचा दगड

पळसदेवच्या लोकांनी मला कधीच फसवले नव्हते. तो दगड मीच आणला होता. आकाशातून पडलेला म्हणून तो मी तात्यांच्या हातात ठेवला, तेव्हा तो बारामतीतल्या लोखंड ओतायच्या भट्टीबाहेर पडलेला जळका गोळा आहे, हे मला पुरते ठाऊक होते. एवढे कबूल करायला मला फार वर्षे लागली. तात्यांविषयी लिहायचे तर आधी हे सांगून टाकलेले बरे. नाहीतर पुढे त्यांच्या गमती सांगताना मी पुन्हा एकदा त्यांना हसतो आहे, असे मला वाटत राहील.

मी तेव्हा पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नवा कारकून होतो आणि तात्यांच्या घराची पुढची खोली मी भाड्याने घेतली होती. तात्या मूळचे पळसदेवचे, भीमेकाठचे. टपालाची थैली खांद्यावर टाकून पळणारा हलकारा म्हणून ते नोकरीला लागले आणि पोस्टमास्तर होऊन निवृत्त झाले. भाऊ आणि शेती गावात, स्वतः मात्र बारामतीत. मूलबाळ नव्हते. घरात ते, काकू आणि पडवीत मांडून ठेवलेले दगड.

त्यांच्या काठीच्या टोकाला लोहचुंबक बसवलेले होते. रस्त्याने जाताना ते काठी टेकत नसत, दगडांवरून फिरवत. कुणाच्या घरी गेले तरी तेच. एकदा सुप्याला भाचीसाठी मुलगा बघायला गेले, तर पोहे यायच्या आत त्यांनी यजमानांच्या पाट्यावरवंट्याला काठी लावून बघितली. ते स्थळ तिथेच मोडले. काकू ही गोष्ट दर दिवाळीला सांगत, आणि तात्या दरवेळी म्हणत, "पाटा मात्र चांगला व्हता. आपल्याच डोंगराचा."

आकाशातल्या दगडांचे एवढे वेड, पण हा माणूस वर कधी बघत नसे. संध्याकाळी अंगणात बसलो असताना तारा तुटला की आम्ही सगळे बोट दाखवून ओरडायचो. तात्या खाली बघत विचारायचे, "आवाज झाला का?"

"नाही, तात्या."

"मग बसा गप. वर बघून काय मिळतंय? तितनं आलेलं हितंच पडतंय."

हिंदुस्थानभर त्यांच्यासारखे आणखी चार-पाच जण होते. कुणी बिहारातला हेडमास्तर, कुणी सिंधमधला पेन्शनर मुन्सफ, मद्रासकडचा एक औषधवाला. एकमेकांना कुणी कधी पाहिलेले नव्हते. कलकत्त्याच्या संग्रहालयातले साहेब नव्या दगडाची परीक्षा करून त्याची जात ठरवत आणि त्याला नाव देत. ही बातमी ज्याला आधी कळेल, त्याने पुढच्याला कार्ड टाकायचे, त्याने त्याच्या पुढच्याला. तात्या या साखळीत अगदी शेवटी. म्हणून काकू म्हणायच्या, "त्या लेकराला दात यायच्या वक्ताला आमच्याकडं बारसं!"

बारसे म्हणजे खरोखरच बारसे. दगड कुठेही पडो, त्याला नाव मिळते ते जवळच्या टपालकचेरीच्या गावाचे, असा त्या लोकांचा रिवाज होता. जन्मभर टपालात घालवलेल्या माणसाला याचा केवढा अभिमान! कार्ड आले की तात्या काकूंना हरभरे भिजत घालायला सांगत. दुसऱ्या दिवशी पडवीच्या भिंतीवर गेरूने नवे नाव लिहायचे, त्याखाली वजन आणि जात. दगडी, लोखंडी किंवा दोन्हीचे मिश्रण. जातीला ते 'गोत्र' म्हणत. मग आळीत घुगऱ्या वाटायच्या.

"आज कुणाचं नाव ठेवलं, तात्या?" शेजारीपाजारी विचारत.

"बिहारातल्या एका खेड्याचं. पावणेदोन शेर. गोत्र दगडी."

"आई-बाप सुखरूप हायत न्हवं?"

"बाप वर हाय. त्याचा पत्ता न्हाय," तात्या गंभीरपणे सांगत आणि मूठभर घुगऱ्या जास्त देत.

जोवर कलकत्त्याहून नाव आणि गोत्र येत नाही, तोवर कुठलाही दगड भिंतीवर चढत नसे. त्या भिंतीवर पंजाबातली गावे होती, बंगालमधली होती. आपल्या बाजूचे एकही नव्हते. "भीमेकाठी एवढी काळी रानं," ते म्हणायचे, "एकबी पडला नसंल? पडला आसंल. कुणीतरी चुलीला लावला आसंल." पळसदेवला टपालपेटी होती. ती आठवड्यातून एकदा उघडली जाई. पळसदेवला दगड पडलाच, तर त्याला इंदापूरचे नाव मिळेल की पळसदेवचे, यावर त्यांनी माझ्याशी तास तास वाद घातलेला आहे. मी इंदापूर म्हणालो की ते दुखावत.

मला त्यांनी सगळे शिकवले. मी विचारले होते म्हणून नव्हे. मी घरात होतो म्हणून. खरा दगड हाताला वाजवीपेक्षा जड लागतो. वरून काळी पातळ कातडी असते, तिच्यावर भिजल्या कणकेवर बोटे दाबल्यासारखे खळगे. कानशीने कोपरा घासला की आत चकचकीत कण दिसतात. "आत पोळ्यासारखी भोकं दिसली की समजा, भट्टीचा माल." आणि एक गोष्ट ते फार हळू आवाजात सांगत. दगड घेऊन येणाऱ्याला विचारायचे, हात लावला तेव्हा गरम होता का? "निखाऱ्यावाणी व्हता म्हणाला, तर त्यानं ऐकलेलं सांगितलं. थंडगार व्हता म्हणाला, तर त्यानं हात लावलाय. ही खूण मी कुणाला सांगत न्हाय, भाऊसाहेब."

मला सांगितली. आणि मी ती त्यांच्याविरुद्ध वापरली.

कचेरीत माझी चेष्टा व्हायची. "काय रे, आज तुझ्या मालकानं कुठला गोटा पाळण्यात घातला?" मी नवा होतो, त्यांच्यातला व्हावे अशी मला घाई होती. मी तात्यांच्या नकला करू लागलो. हातात पट्टी घेऊन सगळ्यांच्या टेबलांवरून फिरवायचो. लोक पोट धरून हसत, आणि मला वाटे, आपण या कचेरीत रुजलो. एक दिवस उसाच्या चरकाचे रूळ ओतणाऱ्या भट्टीवरून जाताना बरोबरच्या मित्राने बाहेर टाकलेला एक काळा गोळा पायाने उडवला आणि म्हणाला, "हा दे की नेऊन त्यांना."

तो मित्र विसरून गेला. मी विसरलो नाही. दुसऱ्या दिवशी एकटाच तिथे गेलो आणि ढिगातून निवडून निवडून भोके नसलेला गोळा काढला. नदीच्या वाळूत घासून त्याची धार मारली. मग कामानिमित्त इंदापूरकडे जायचे होते, तेव्हा तो बरोबर नेला आणि परत आल्यावर तात्यांना सांगितले की पळसदेवच्या वाटेवर एका माणसाने दिला. आकाशातून पडला म्हणत होता, नाव काही सांगितले नाही.

तात्यांनी तो हातात घेतला. तोलला. काठी जवळ नेताच ती खटकन चिकटली. कानशीने कोपरा घासला, तर आत लोखंड चमकले.

"गरम व्हता का, इचारलंत?"

"विचारलं. थंडगार होता म्हणाला."

त्यांनी तो काठीवरून अलगद सोडवला. मग आत वळून म्हणाले, "अगं, बाहेर ये. आपल्या गावचा हाय."

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी हे सांगितले. एवढा हशा मला पुन्हा कधी मिळाला नाही.

मला वाटले होते, दोन दिवस गंमत होईल, मग सांगून टाकू. पण तात्या तिसऱ्या दिवशीच पळसदेवला गेले. घरोघरी विचारत फिरले: आवाज कुणी ऐकला? दगड कुणी पाहिला? आता आपल्या गावचा पोस्टमास्तर एवढ्या हौसेने विचारतो आहे म्हटल्यावर लोक काय करणार? दोघे म्हणाले, व्हय, धडाका झाला व्हता. एकाने रानात नेऊन खड्डा दाखवला. तात्या परत आले ते दहा वर्षांनी तरुण होऊन. दगडाचा तुकडा कलकत्त्याला गेला. सोबतच्या अर्जात पळसदेवच्या टपालपेटीचा खास उल्लेख होता. आणि आयुष्यात पहिल्यांदा, कलकत्त्याचे उत्तर यायच्या आधीच, तात्यांनी भिंतीवर नाव लिहिले. पळसदेव. काकूंनी पायलीभर हरभरे शिजवले. मीही खाल्ले.

उत्तर आले ते अगदी सभ्य होते. ओतकामाचे लोखंड, नैसर्गिक नव्हे. पुढे संग्रहालयाच्या छापील यादीतही पळसदेवचे नाव आले. आकाशातून पडले म्हणून आले पण तसे नव्हते, अशा दगडांसाठी शेवटी वेगळे पान असते. तिथे. बिहारच्या हेडमास्तरांनी कार्डावर लिहिले की असे कुणाच्याही बाबतीत होते. त्यानंतर तात्यांनी त्यांना उत्तर पाठवले नाही. कुणालाच पाठवले नाही.

त्या संध्याकाळी मी सांगणार होतो. खोलीतून बाहेर आलोही. तात्या पडवीत बसले होते. मला पाहून त्यांनी शेजारची जागा झाडली आणि मला बसवून घेतले. एरवी मला अहोजाहो करणारे तात्या म्हणाले, "तू वाईट वाटून घेऊ नकोस, लेकरा. तू नवखा. तुला फसवलं आमच्या गावच्यांनी. मी बघायला पायजे व्हतं. माझ्या हाताला कळायला पायजे व्हतं."

मी मान खाली घातली. त्यांना वाटले, मला वाईट वाटते आहे.

त्यांनी भिंतीला चुना लावला, एका दुपारी, स्वतःच्या हाताने. सगळी गावे गेली. काठीचे चुंबक काढून टाकले. आणि ते पळसदेवला जायचे थांबले. "मी घरोघर इचारत फिरलो," ते काकूंना म्हणताना मी ऐकले, "आन् ती माझ्याच गावची माणसं मला खड्डे दाखवीत व्हती. माझ्या माघारी किती हसली आसतील." हसलेली माणसे दुसरीच होती, हे सांगू शकणारा एकटा मी होतो, आणि मी भिंतीपलीकडे पडून ऐकत होतो.

मग पुढल्या वर्षी तो धनगर आला. सकाळची वेळ. मी पडवीत कचेरीचे कागद गुडघ्यावर घेऊन बसलो होतो. खांद्यावरच्या घोंगड्यातून त्याने दगड काढला आणि पायरीवर ठेवला.

"पोस्टमास्तरतात्या हायती का? म्या पळसदेवचा. तुमी दगड इचारीत फिरला व्हता, तवा म्या मेंढरं घिऊन भाईर व्हतो. ह्यो आता घावला बगा. माज्या म्होरं पडला."

तात्या उंबऱ्यात आले. खाली उतरले नाहीत. "गरम व्हता का?"

"न्हाय वो. थंडगार."

तात्यांचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. "व्हय," ते म्हणाले. "मागच्या खेपंला बी थंडगारच व्हता. पळसदेवच्या माणसांनी एकदा फसवलं तेवढं बास. उचल त्यो आन् चालता हो."

"तात्या, आवं हातात घिऊन तरी बगा की."

"मला दगड कळत न्हाय."

ते आत गेले. दगड माझ्यापासून हातभर अंतरावर होता. काळी पातळ कातडी. भिजल्या कणकेवर बोटे दाबल्यासारखे खळगे. एक कोपरा उडालेला, आत राखी रंग आणि त्यात बारीक चमकणारे कण. भट्टीच्या मालासारखा तो मुळीच नव्हता. मला जे शिकवले गेले होते ते सगळे त्यात होते. मी एवढेच म्हणायला हवे होते की थांब. पण थांब म्हटले असते तर तात्यांना बाहेर बोलवावे लागले असते, आणि बाहेर आल्यावर त्यांना आधीच्या दगडाचे सांगावे लागले असते. धनगराने माझ्याकडे पाहिले. मी कागदांकडे पाहिले. त्याने दगड घोंगड्यात गुंडाळला आणि गेला.

काही दिवसांनी माझी इंदापूरला बदली झाली. मला सुटल्यासारखे वाटले, हेही लिहून ठेवतो. लग्न झाले, संसार झाला. तात्यांकडे जाणे मी टाळत राहिलो. मग दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात इंदापूरच्या बाजारात एका म्हाताऱ्याने मला हाक मारली. पळसदेवचे तात्यांचे थोरले भाऊ, आबा. तात्यांकडे असताना त्यांना मी पाहिले होते.

"साहेब, तुमी तात्याच्यात ऱ्हात व्हता न्हवं? एक इचारू का? नातीचं लगीन झालं, आला न्हाय. माझी कारभारीण गेली, तवा बी नदीपतोर आला आन् माघारी फिरला. आमचं काय चुकलं तेवढं कळलं आसतं तर जाऊन पाया धरलं आसतं त्याचं. धाकला हाय तरी."

त्या रविवारी मी बारामतीला गेलो.

तात्या थकले होते. मला पाहून त्यांना आनंद झाला, काकू चहा ठेवायला उठल्या. मी त्यांना थांबवले आणि उभ्या उभ्या सगळे सांगितले. भट्टी, वाळू, थंडगार. काकू खाली बसल्या. "म्या दारोदार घुगऱ्या वाटल्या व्हत्या, भाऊसाहेब," एवढेच म्हणाल्या.

तात्यांनी विचारले, "किती जण हसला?"

"पाच-सहा."

"तुमी?"

"मीही."

ते स्वतःच्या तळहाताकडे बघू लागले. मला वाटले, आता निदान त्यांच्या मनावरचे ओझे उतरेल. पण ते हळूहळू म्हणाले, "मग माझ्या हाताचं काय चुकलं न्हवतं. खुणा बरोबर व्हत्या. त्या तुमी शिकून आणल्या व्हत्या." आणि मग त्यांची नजर बाहेरच्या पायरीवर गेली. "म्हंजे त्यो धनगराचा खरा व्हता."

तोवर त्यांनी फक्त आपले शहाणपण गेले असे धरले होते. मी त्यांना सांगून त्यांचा दगडही नेला. मी त्यांच्या पायाशी वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"माझं ऱ्हाऊ द्या. आधी गावात चला. माझ्या भावाला मी किती वर्सं शिव्या दिल्या मनात. तितं बोला."

दुसऱ्या दिवशी आम्ही पळसदेवला गेलो. नदीकाठच्या देवळाच्या ओट्यावर आबा होते, दहा-पंधरा माणसे होती आणि निरोप धाडून बोलावलेला तो धनगरही होता. मी उभा राहून सांगितले. माझा आवाज चांगला लागला नाही, पण मी काही वगळले नाही. शेवटी म्हणालो की तात्यांना तुमच्यापासून तोडले ते मी, आणि मी तुम्हा सगळ्यांची माफी मागतो.

मग मागून एक जण म्हणाला, "आरं मंग त्यो खड्डा कशाचा दावला व्हतास, गणपा?"

"म्हैस लोळायची तितं," गणपा म्हणाला. हसू फुटले. आबाही हसले आणि हसता हसता डोळे पुसू लागले. तात्यांनी जाऊन त्यांच्या पायांवर डोके ठेवले. "उठ, उठ, पोस्टमास्तर," आबा म्हणाले. "दगडापायी भाऊ सोडतोय व्हय कुणी, येड्या?"

धनगर हसला नव्हता. "साहेब," तो मला म्हणाला, "म्या दगड घिऊन आलो तवा तुमी तितंच बसला व्हता की."

"होय."

"तुमाला कळलं व्हतं, खरा हाय त्ये?"

"होय."

"मग का न्हाय बोलला?"

"भ्यालो."

त्याने मान हलवली. माफ केले असे नव्हे, समजले एवढेच. तात्यांनी त्याला विचारले, दगड कुठे आहे. "टाकला की वाटंतच," तो म्हणाला. "तुमी हाकललं, मग वझं कशापायी वागवू? हितनं मैलभर, काळ्या रानात. सगळीकडं दगडच हायती तितं."

"दाव," तात्या म्हणाले.

आम्ही तिघे निघालो. धनगर पुढे, त्याच्यामागे तात्या, शेवटी मी. नांगरलेल्या काळ्या रानात जिकडेतिकडे काळेच दगड पडलेले. तात्या वाकून एकेक उचलत होते, तोलत होते, खाली ठेवत होते. एक दगड त्यांनी उचलला आणि बराच वेळ हातात धरून राहिले, मग मला म्हणाले, "मला कळंना झालंय. तुमी बघा." मी घेतला. तो आपल्याच डोंगराचा होता. ते मी त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि पुढे चालू लागले.

गावापुढे बोलताना मी माफी मागितली होती, पण ती गावाची. ज्यांची मागायची ते माझ्यापुढे चार पावलांवर चालले होते, पाठमोरे. मी म्हणालो, "तात्या, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून मला शिकवलंत आणि मी तेच घेऊन तुम्हाला फसवलं. मग तुम्ही स्वतःला दोष देत राहिलात, तेही मी बघत बसलो. तो दगड आता मी परत आणून देऊ शकत नाही. माझं चुकलं, तात्या. फार चुकलं."